अन्ननलिकेचा कॅन्सर: ऑपरेशनआधी कोणतं रेडिएशन? (मदत हवी आहे)

सांगलीकर_मुलगी
वडिलांना (६१) अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वेमस सेल (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कॅन्सर निघालाय, टी३ एन१ (गाठ भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत, जवळच्या एक-दोन लसीका ग्रंथींतही). पेट स्कॅनमध्ये इतरत्र पसरलेला नाही. आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन असं ठरलंय. थ्रीडी, आयएमआरटी, व्हीमॅट आणि प्रोटॉन अशी नावं कानावर येताहेत आणि खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सध्या पेज आणि दूध एवढंच उतरतं. वजन ६८ वरून ५९. प्रोटॉनसाठी थांबावं का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

ऑन्को_वाचक
ताई, आधी एक गोष्ट: मशीन कुठलंही असो, ऑपरेशनआधीचा डोस साधारण तोच. डच 'क्रॉस' अभ्यासातल्या पद्धतीत ४१.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), २३ सिटिंग, रोज १.८, सोमवार ते शुक्रवार. सोबत आठवड्यातून एकदा कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमो, एकूण पाच वेळा. २०१२ च्या त्या अभ्यासात स्क्वेमसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात जिवंत गाठच सापडली नाही. (अ‍ॅडेनो, म्हणजे ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरात, २०२४ च्या एसोपेक अभ्यासात ऑपरेशनच्या आधी-नंतर रेडिएशनशिवाय नुसती फ्लॉट नावाची केमो क्रॉसपेक्षा सरस ठरली. ते तुम्हाला लागू नाही, पण बायोप्सीचा कागद प्रत्येक ठिकाणी दाखवा.)

मग फरक कशात? गाठीच्या आजूबाजूला किती डोस सांडतो त्यात. थ्रीडीत तीन-चार ठरलेल्या दिशांनी किरण जातात, फुफ्फुस आणि हृदय बऱ्यापैकी भाजतं. आयएमआरटीत प्रत्येक दिशेच्या किरणाची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करतात. व्हीमॅट त्याचंच पुढचं रूप: मशीन फिरता फिरता किरण सोडतं, दोन-तीन मिनिटांत काम होतं, त्यामुळे पेशंट कमी हलतो. दोन्हींत गाठीला मिळणारं सारखंच, यातल्या एकासाठी हट्ट धरू नका.

फिजिक्स_आणि_चहा
व्हीमॅटची एक खोड सांगतो. पूर्ण गोल फिरवलं तर थोडा थोडा डोस दोन्ही फुफ्फुसांभर पसरतो. म्हणून अर्धवट आर्क (पूर्ण गोलाऐवजी काही अंशच फिरणं) वापरतात. मशीनचं नाव विचारण्याऐवजी प्लॅनचे आकडे विचारा:

फुफ्फुसाचा किती भाग २० ग्रेच्या वर जातो (२० टक्क्यांच्या आसपास हवा), ५ ग्रेच्या वर किती (५०-६० टक्क्यांच्या आत), हृदयाला सरासरी डोस किती, मज्जारज्जू ४५ ग्रेच्या आत आहे का. फुफ्फुसावर सांडलेलं ऑपरेशननंतरच्या न्यूमोनियात वसूल होतं, म्हणून हे पाहायचं. शिवाय श्वासागणिक गाठ किती हलते हे दाखवणारा फोर-डी सीटी केला का, आणि रोज मशीनवरच कोन-बीम सीटी (छोटा स्कॅन) करून जागा तपासतात का.

प्रोटॉन (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा किरण) ठरलेल्या खोलीवर थांबतो, पुढे जात नाही. हृदय-फुफ्फुस वाचतं हे खरं. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर रुग्णालयाच्या २०२० च्या प्रोटॉन-आयएमआरटी तुलनेत (तिथे डोस ५०.४ ग्रे होता) प्रोटॉन गटात गुंतागुंतींचा एकूण भार कमी आला, पण आजार पुन्हा बळावण्यात फरक दिसला नाही. आणि हा थांबणारा किरण हट्टीही आहे: छाती-पोटामधला श्वासपटल वर-खाली झाला किंवा पोटात हवा भरली की तो भलत्या खोलीवर थांबतो, म्हणून मधे सीटी पुन्हा करावा लागतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं केंद्र) आणि चेन्नईत सोय आहे. आधी छातीला रेडिएशन झालेलं असेल, किंवा हृदय-फुफ्फुसं कमजोर असतील, तर चौकशी जरूर करा. नाहीतर त्या रांगेत आठवडे घालवण्यापेक्षा चांगला व्हीमॅट प्लॅन लवकर सुरू झालेला बरा.

आहारतज्ज्ञ_विदर्भ
मला मशीनपेक्षा त्या ५९ ची काळजी वाटते. १३ टक्के वजन गेलंय. आणखी घटलं तर शरीराचा घेर बदलतो, प्लॅन बसत नाही, पुन्हा करावा लागतो. सुरू होण्याआधीच नाकातून आतड्यापर्यंत नळी (एनजे) किंवा जेजुनोस्टॉमी (पोटावरून थेट लहान आतड्यात नळी) करून घ्या. जठरात थेट घालायची पेग नळी टाळा, कारण सर्जन त्याच जठराची नवी अन्ननलिका करणार असतो. स्टेंटचा (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी) सल्ला मिळाला तर आधी सर्जनला विचारा.

लक्ष्य रोज साधारण १८०० ते २००० कॅलरी, ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन. पण पहिल्याच दिवशी एवढं ढकलू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन घसरतं. तपासण्या आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) डॉक्टरांकडून सुरू करून हळूहळू वाढवा. एनजेतून फीड थेंबाथेंबाने, डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी आणि नंतर ३० मिली पाणी. गोळी कुटून घालू नका, नळी हमखास तुंबते. सिरप लिहून मागा.

सांगलीकर_मुलगी
खूप आभार. सिटिंग चुकली तर? आणि ऑपरेशन कधी?

ऑन्को_वाचक
चुकलेली सोडून द्यायची नाही. शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देऊन भरून काढतात. रक्तातल्या पेशी घसरल्या तर बहुधा केमो थांबते, रेडिएशन चालू राहतं. शेवटच्या सिटिंगनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ऑपरेशन, त्याआधी स्कॅन पुन्हा. मधल्या काळात तंबाखू-बिडी पूर्ण बंद आणि तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वास ओढून फुफ्फुसाचा व्यायाम करायचं साधन) रोज. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, पण कोणतं तंत्र मंजूर होईल हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सीटी सिम्युलेशनच्या (रेडिएशनचा प्लॅन आखण्यासाठीचा स्कॅन) आधी विचारा. नंतर बदलायला गेलं की आठवडा वाया जातो.