पेंद्या गेला. आता पिल्लू, मांजर की काहीच नको? सल्ला हवा (कृपया बजेट वाचा)

सायली_बो | १४ जून २०२५, रात्री १०:४०

मार्चमध्ये आमचा पेंद्या गेला. २०१२ च्या जुलैत बाभई मार्केटपाशी रिक्षाखाली आलेलं पिल्लू मी टॅक्सीत घालून परळच्या बैलघोड्यात (प्राण्यांच्या हॉस्पिटलात) नेलं होतं. मागचा डावा पाय राहिला, पण लुळा, म्हणून नाव पेंद्या. "दोन दिवस ठेवू, मग बघू" असं घरात ठरलं होतं. पावणेतेरा वर्षं राहिला.

शेवटचे चार महिने किडनीचे. रोज चामडीखाली सलाईन, नवरा स्टुलावर बाटली धरून उभा आणि सुई माझ्याकडे. क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं, पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावून इंजेक्शन दिलं. मालाडला महापालिकेची प्राण्यांची दहनभट्टी आहे, तिथे नेलं.

तोवर धावपळीत निभावलं. आता जड जातंय. त्याच्या चालीचा एक आवाज होता, तीन पायांची टकटक आणि चौथ्याची खर्र. रात्री जिन्यात कुणी चप्पल ओढत गेलं की साबा (सासूबाई) उठून बसतात. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा अजून ताटाच्या कडेला काढतात आणि नंतर मुकाट्याने खिडकीत कावळ्याला ठेवतात.

परिस्थिती अशी: वनबीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही दोघं नोकरीला. साबा ७१, गुडघे गेलेले, म्हणजे दुपारी कुत्र्याला खाली नेणं होणार नाही. घर शाकाहारी. सुरुवातीला १० हजार, पुढे महिना ३ हजार. याच्या वर जमणार नाही, पेंद्याच्या आजारपणात एक एफडी मोडलीय. विकत घेणार नाही, दत्तकच.

पिल्लू, मोठं कुत्रं की मांजर? एक की दोन? तीन महिन्यांत आणणं फार लवकर होईल का? आणि पेंद्याची भांडी, गोधड्या, उरलेली औषधं वापरावीत का?

लॅबवाला_ठाणे | १४ जून, रात्री ११:०५

वाईट वाटलं वाचून. डोळे मिटून लॅब घ्या. आमचा ब्रुनो ३८ किलोचा आहे, शेजारचं पोर शेपूट ओढतं तरी हूं की चूं नाही. आमच्या ब्रीडरकडे आत्ता पिल्लं आहेत, माझं नाव सांगा, २२ हजारात देईल. खाण्याचे महिना सात-आठ धरा.

मनीमाऊची_आई | १४ जून, रात्री ११:२२

ताईंनी दत्तक लिहिलंय, ३ हजार लिहिलंय, तिसरा मजला लिहिलाय. ३८ किलोचं जनावर म्हातारपणी जिन्यावरून कोण उचलणार, ब्रीडर?

लॅबवाला_ठाणे | १४ जून, रात्री ११:३०

सवय लागते. मी दोन मजले उचललाय. उलट पाठ सुधारली.

कोकणकन्या | १५ जून, सकाळी ७:१५

सायली, डोळे भरून आले गं. माझा अनुभव सांगते, घाई करू नकोस. आमचा मोती गेला तेव्हा घर खायला उठलं म्हणून आठव्या दिवशी पिल्लू आणलं. शेजारच्या वाडीत त्याच महिन्यात पार्व्होने एक पिल्लू गेलं होतं, आम्हाला माहीत होतं. पण मधे गडगा आहे ना, आपल्याकडे कशाला येतंय, असं वाटलं. पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब, सातव्या दिवशी खेळ संपला. माणसांच्या चपलांवरूनसुद्धा येतो तो विषाणू. जमिनीत महिनोन् महिने राहतो आणि नुसत्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी सांगायला कुणीच नव्हतं.

स्पष्टवक्ता | १५ जून, सकाळी ९:४०

राग मानू नका, स्पष्ट बोलतो. शाकाहारी घरातलं कुत्रं म्हणजे दूधपोळी आणि वरणभात. बारा-तेरा वर्षं पोळी घातलीत, किडनी जाणारच. आता दुसऱ्या जिवावर तोच प्रयोग करण्याआधी विचार करा. मासे पाळा.

सायली_बो | १५ जून, सकाळी १०:१०

पोळीचा तुकडा मिळायचा, शेवटचा एक. बाकी रोज चिकन आणि भात. साबा आयुष्यात अंडं शिवलेल्या नाहीत, पण त्यांनीच पेंद्यासाठी तीन लिटरचा वेगळा कुकर आणला आणि बाल्कनीत वेगळी शेगडी मांडली. नाकाला पदर लावून शिट्ट्या मोजायच्या. तो कुकर अजून बाल्कनीत पालथा आहे. एवढंच सांगायचं होतं.

पशुवैद्य_सांगली | १५ जून, दुपारी १:३०

स्पष्टवक्ता, तेराव्या वर्षी कुत्र्याची मूत्रपिंडं थकणं हे नेहमी बघण्यातलं आहे. पोळीच्या तुकड्यावर ढकलू नका.

सायलीताई, सगळ्यात आधी उरलेल्या औषधांचं. गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब किंवा पावडर कुत्र्यांसाठी येते, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला चालतं, मांजराला विष. अंगभर थरथर, झटके, आणि वेळेत आणलं नाही तर मांजर जातं. दरवर्षी दोन-तीन तरी येतात माझ्याकडे, सगळी "घरात होतंच म्हणून लावलं" वाली. पॅरासिटामॉलचंही तेच, मांजराला अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते. मांजर आणायच्या आधी तो डबा घराबाहेर काढा.

भांडी, गोधड्या खुशाल वापरा. किडनीचा असला आजार गोधडीतून पसरत नाही. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पार्व्होबद्दल कोकणकन्या बरोबर सांगतायत, पण तुमच्याकडे तो प्रश्न नव्हता.

आणि मांजर शाकाहारी होत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळवावा लागतो, नाही मिळाला तर डोळे आणि हृदय, दोन्ही जातात. कुकर सुलटा करावा लागेल.

निनाद७२ | १५ जून, दुपारी ३:००

कुणी पोपट सुचवला नाही? फिरवायला नको, पेरू-मिरचीवर भागतं, "राम राम" म्हणतो. सासूबाईंचा वेळ जाईल.

मनीमाऊची_आई | १५ जून, दुपारी ३:२०

आपला हिरवा पोपट पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२.

निनाद७२ | १५ जून, दुपारी ३:२५

आमच्या आजीकडे वीस वर्षं होता. कुणी पकडलं नाही.

कोकणकन्या | १५ जून, दुपारी ३:४०

पोपटाला पकडलं होतं ना.

निनाद७२ | १५ जून, दुपारी ३:५५

मग लव्हबर्ड घ्या. ते परदेशी आहेत. पण बोलत नाहीत, सांगून ठेवतो.

टेक्सासकर | १५ जून, संध्याकाळी ६:१०

इथे आम्ही शेल्टरमधून बीगल मिक्स घेतला. फॉर्म भरून घेतात, घरमालकाची परवानगी विचारतात, मायक्रोचिप बसवूनच देतात. इन्शुरन्स महिना ५५ डॉलर. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ४,८०० डॉलर बिल, बहुतेक सगळं परत मिळालं. भारतात कधी येणार ही सिस्टिम?

लॅबवाला_ठाणे | १५ जून, संध्याकाळी ६:३०

४,८०० डॉलरमध्ये इथे वीस लॅब येतील.

मनीमाऊची_आई | १५ जून, रात्री ९:००

धाग्याला फाटे फुटण्याआधी लिहून टाकते. (फुटलेच आहेत.)

तुमच्या घराला मांजर. पिल्लं, आणि दोनच. एकट्या पिल्लाला खेळायला कुणी नसलं की ते तुमच्या घोट्यांशी खेळतं, आणि ७१ वर्षांच्या घोट्यांशी तर नकोच. दोन असली की एकमेकांना चावून शहाणी होतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीजची. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदीचं ऑपरेशन, पुढे ढकलू नका.

आता खिडक्या. तुमच्याकडे कबुतरांची नायलॉनची जाळी असेल. तिच्यावर विसंबू नका. आमच्या मनीने दोन रात्रींत एक कोपरा कुरतडला आणि चौथ्या मजल्यावरून पडली. वाचली, पण जबड्यात तार आणि महिनाभर नळीने खाणं. खिडकीला बारीक डोळ्यांची स्टीलची जाळी, स्लायडिंगच्या फटीसकट. खर्चाची सुरुवात तिथून करा, खेळणी नंतर. खेळायला खोका पुरतो.

कोकणकन्या | १५ जून, रात्री ९:१५

+१. दोन पिल्लं.

टेक्सासकर | १५ जून, रात्री ९:४०

+१ टू किटन्स. पण लिटर रोबो (मांजराच्या शी-शूची पेटी) घ्या, आपोआप साफ होतो. आमच्या मित्राकडे ६०० डॉलरचा आहे.

निनाद७२ | १५ जून, रात्री १०:००

दोन पिल्लांना अनुमोदन. सोसायटीची एनओसी घेतली का? आमच्याकडे जनरल बॉडीत ठराव करून पाळीव प्राणी बंद केलेत.

पशुवैद्य_सांगली | १५ जून, रात्री १०:२०

तसा ठराव टिकत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे, बहुमतानेसुद्धा बंदी घालता येत नाही. तुमच्या सेक्रेटरींना वाचायला द्या.

निनाद७२ | १५ जून, रात्री १०:२५

सेक्रेटरी मीच आहे.

सायली_बो | १६ जून, रात्री ११:००

सगळ्यांचे आभार. औषधांचा डबा आज काढला. त्यात ते मानेवर टाकायचे थेंब निघाले, दोन ट्यूब. डॉक्टर, मी ते खरंच "असू देत, लागतील" म्हणून ठेवले होते.

एक शंका. मार्केटात एका मासेवालीच्या पाटीखाली मोठी मांजर बसते, एक पिल्लू उरलंय तिचं. ती बाई म्हणते दोघांना ने. कसं वाटतं?

मनीमाऊची_आई | १६ जून, रात्री ११:१०

मोठी नको! बाजारातली मोठी मांजर घरात रुळायला महिने घेते, कधी रुळतच नाही. पिल्लू आणा आणि दुसरं कुठून तरी त्याच वयाचं.

कोकणकन्या | १७ जून, सकाळी ७:००

मोठी नको गं. पडद्यांची लक्तरं करेल.

पशुवैद्य_सांगली | १७ जून, दुपारी २:००

मलाही पिल्लंच बरी वाटतात. मोठी आणलीतच तर आधी तपासून घ्या, ती दूध पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांनी घरात पाच-सहा मांजरं होतील.

स्पष्टवक्ता | १७ जून, दुपारी २:३०

मासे म्हणालो तर कुणी ऐकलं नाही. आता मासेवालीची मांजर.

सायली_बो | २० जुलै, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय. दोघं आणली.

ठरवून नाही. शनिवारी पाऊस एवढा होता की मार्केटात घोट्याभर पाणी, आणि ती पिल्लाला तोंडात धरून ओट्यावर चढायला बघत होती. साबा रिक्षातच बसल्या होत्या. "सायली, किती वेळ बघत उभी राहणार आहेस?" एवढंच म्हणाल्या. मासेवाल्या मावशींनी बर्फाचा रिकामा खोका दिला. रिक्षाभर बांगड्याचा वास, आणि साबा पदर न लावता बसलेल्या.

पहिले नऊ दिवस आई वॉशिंग मशीनच्या मागे. पिल्लू पहिल्या रात्रीपासून नवऱ्याच्या पोटावर. रात्री वाटी रिकामी व्हायची म्हणून जिवंत आहे एवढं कळायचं. नवरा म्हणाला, मनीमाऊच्या आई बरोबर सांगत होत्या. मीही तेच म्हटलं. दहाव्या दिवशी साबांनी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला मशीनच्या मागून डोकं बाहेर. शिट्ट्यांचा तिचा काही संबंध नाही, वास आला असणार. पण साबांना पटत नाही, त्या आता रोज तीन शिट्ट्याच करतात, चिकन कसंही शिजो.

तिचं नाव त्यांनीच ठेवलं, मावशी. "गवळणीत पेंद्या झाला की मावशी येते." पिल्लाला अजून नाव नाही, त्याला सगळे "ए" म्हणतात. मासेवाल्या मावशी दर रविवारी विचारतात, मावशी कशी आहे? लोक बघत राहतात.

हिशोब: स्टीलची जाळी ६,८००, मावशीचं ऑपरेशन ३,०००, दोघांच्या लशी २,४००. बजेट दोन हजार दोनशेने बुडालं, लॅबवाल्यांनी हसू नये. गाभण नव्हती.

लॅबवाला_ठाणे | २० जुलै, रात्री १०:२५

हसत नाही. लॅब घेतला असता तर २२ मध्येच सुरुवात होती, हे मान्य. पण लॅब तो लॅब.

मनीमाऊची_आई | २० जुलै, रात्री १०:३०

चूक माझी. फोटो टाका. जाळीचा पण.

निनाद७२ | २० जुलै, रात्री १०:५०

अभिनंदन. आमचा ठराव मागे घेतला. वाद झाला बराच.

सायली_बो | २० जुलै, रात्री ११:००

एक राहिलं. दोघांसाठी नवीन भांडी आणली, तर मावशी त्यांना तोंड लावत नाही. पेंद्याचं पाण्याचं भांडं मी सिंकच्या खाली ठेवलं होतं, ते ओढून काढलं तिने आणि त्यातूनच पिते. फार मोठं आहे तिला, अर्धं डोकं आत जातं. बदलू का?

स्पष्टवक्ता | २० जुलै, रात्री ११:२०

स्टीलचं आहे ना? मग रोज घासा, अर्धंच भरा. बदलू नका.