मुलीचं नाव 'वी'वरच संपायला हवं का?

देवगडची सून
लेक सव्वा महिन्याची झाली. बारसं गणपतीत करायचं ठरलंय, तेव्हा चाकरमानी मंडळी घरी असतात म्हणून. माझ्या नावाच्या शेवटी 'वी' आहे, नणंदेच्याही आहे, त्यामुळे लेकीचंही 'वी'वरच संपावं असं माझ्या मनात आहे. यादीत तन्वी, ओवी, आर्वी, जान्हवी, भार्गवी. सासूबाईंचं म्हणणं, मुलीचं नाव आकारान्तच हवं. 'ई' म्हटलं की नुसते दात दिसतात, 'आ' म्हटलं की तोंडभर हाक होते. नवरा म्हणतो तुम्ही दोघी ठरवा, म्हणजे ठरणारच नाही. तुम्हीच सांगा.

पहिलीच्या बाई
'वी' नको गं बाई. माझ्या वर्गात यंदा तन्वी, मन्वी आणि जान्हवी आहेत. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की नावाचा पुढचा भाग वाहून जातो आणि मुलींपर्यंत पोचते ती फक्त 'वी'. एकीला बोलावलं की तिघी उठतात. जान्हवी तर आता उठायचीच थांबलीय. 'मला वाटलं तिलाच बोलावलं' हे तिचं ठरलेलं उत्तर.

खाडीपलीकडचा
आणि रिया, सिया, जिया, दिया एका बाकावर बसवल्या तर काय होईल बाई? सगळ्या आकारान्तच आहेत. दोष 'वी'चा नाही, एकाच वर्षी सगळ्या गावाने एकच यादी बघण्याचा आहे.

भटजी नाही, पण
सासूबाईंच्या बाजूने शास्त्र आहे हो. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, असं पारस्कर गृह्यसूत्रात सरळ म्हटलंय. मनुस्मृती जरा सैल आहे: नाव उच्चारायला सोपं, अर्थाला स्पष्ट, मंगल, आणि शेवटचा स्वर दीर्घ असला की झालं. म्हणजे 'वी' मनूला चालते, पारस्कराला नाही. राशीचं कारण मात्र कोणी पुढे करू नका. अवकहडा चक्रातून निघतं ते नावाचं पहिलं अक्षर, शेवटाशी त्याला देणंघेणं नाही.

खाडीपलीकडचा
मग तुमच्या पारस्कराकडे सीता नापास. आकारान्त आहे, पण अक्षरं दोनच. रुक्मिणी तीन अक्षरांची, पण ईकारान्त, तीही नापास. द्वारकेत सून आणताना कोणी अक्षरं मोजत बसलं नव्हतं.

भटजी नाही, पण
मी नियम सांगितला, सक्ती नाही केली. हवं तर भार्गवी घ्या. तीन अक्षरं आहेत, अर्धी तरी पास.

मालवणी आये
नाव खयचाय ठेवा, हाक मारताना ता तसा ऱ्हवणा नाय. माझी सासू शांताक 'शांते' म्हणायची, वत्सलाक 'वत्सले'. आकार खंय गेलो? माका तर जल्मभर 'बाय'च म्हटल्यानी. खळ्यात उभ्या ऱ्हवा, तीन वेळा मोठ्यान हाक मारा. जा नाव तोंडात बसतला ता ठेवा.

देवगडची सून
आये, मारून बघितली! 'ओऽऽवी' म्हटलं तर शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारतात, "ओ कोणाला देतेस गो?" ओवी बाद. मला फार आवडलं होतं.

नोंदवहीवाला
एक कामाचं सांगतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्यातल्या सरकारी कागदपत्रांवर, मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. समजा आईचं नाव पल्लवी धरलं, तर 'जान्हवी पल्लवी अमुक तमुककर'. मोठ्याने वाचा, टाळ कुटल्यासारखं वाटतं. आईच्या नावात 'वी' असेल तर मुलीच्या नावाचा शेवट वेगळा असलेला बरा, असं माझं मत. आणि घाई कशाला? जन्माची नोंद 21 दिवसांत हवी, ती तुम्ही केली असेलच. नावाचा रकाना वर्षभरात विनाशुल्क भरता येतो, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

देवगडची सून
टाळच हवाय मला! इतकी वर्षं कागदावर आई कुठे नसायचीच. आता शेजारी आलेय तर नावं जुळलेली दिसू देत की.

नोंदवहीवाला
शाळेत हजेरी घेणाऱ्यांचाही विचार करा म्हणजे झालं.

वाशिष्ठीकाठी
आधी आर्वी खोडा. ते वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, मुलीच्या कपाळावर एसटीची पाटी कशाला? जान्हवी चांगलं, पण ती गंगा. आपण बसलोय खाडीवर. भार्गवीच ठेवा. परशुराम भृगुकुळातला म्हणून भार्गव, चिपळूणजवळ डोंगरावर त्याचं देऊळ, आणि त्यानेच समुद्र हटवून कोकण वसवलं अशी आपली कथा. 'वी' राहिली, अर्थ राहिला, गावही राहिलं. ईकारान्ताला आपल्याकडे लाजायचं कारणच नाही. नद्या बघा: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी.

खाडीपलीकडचा
खेडची जगबुडी विसरलात. तीही ईकारान्तच.

पहिलीच्या बाई
जगबुडी असेल तर निदान वर्गात दुसरी कोणी उठणार नाही.
तरी माझं मत तेच. मीरा, रेवा, मुक्ता. दोन अक्षरं, पाटीवर पटकन लिहिता येतात. भार्गवीतला रफार मुलं जूनपासून दिवाळीपर्यंत चुकीच्या डोक्यावर देतात, हे कोणी विचारात घेत नाही.

देवगडची सून
बाई, रफार मी शिकवीन घरी.
बाकी यादी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. सासूबाईंनी तिच्याखाली पेन्सिलीने 'रमा' लिहिलंय. पण आज दुपारी पाळण्याची दोरी ओढताना त्यांच्या तोंडून "नीज गो भार्गवे" आलं. मी भात उतरवत होते, ऐकलंच नाही असं दाखवलं.