साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत प्रीमियम कशाला भरायचं?

मधला गिअर (धागाकर्ता)

ओळखीतल्या तिघांनी नव्या गाड्या घेतल्या आणि तिघंही टाकीत प्रीमियमच भरतात. तिघांच्याही मॅन्युअलमध्ये साधं पेट्रोल भरा असं स्पष्ट लिहिलंय. विचारलं तर उत्तर एकच, "महाग आहे म्हणजे इंजिनाला चांगलंच असणार." हा समज इतका मुरलाय की सविस्तर लिहायला बसलो.

प्रीमियम म्हणजे सहसा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. पण ऑक्टेन हा पेट्रोलच्या ताकदीचा आकडा नाही. दाब आणि उष्णता सोसूनही पेट्रोल स्वतःहून न पेटता किती टिकतं, त्याचं ते माप आहे. पिस्टन वर येतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण भडकलं की जी खडखड ऐकू येते ते नॉकिंग. मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनला 100 आणि चटकन नॉक होणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला 0 धरलंय. पेट्रोल 95 चं म्हणजे 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन एकत्र केल्यावर ते मिश्रण जितकं टिकेल, तितकं ते टिकतं. यात ऊर्जेचा हिशेब कुठेच नाही. इथेनॉलचंच बघा ना, त्याचं ऑक्टेन 108 च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी.

ज्या इंजिनात साध्या पेट्रोलवर नॉकिंग होतच नाही, तिथे जास्त ऑक्टेन करणार काय? अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून पाहिलं. शक्ती, अ‍ॅव्हरेज, धूर, कशातही दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

टर्बोवाला

असहमत. निदान अर्ध्यापुरता तरी. तुम्ही सगळी इंजिनं एका रांगेत उभी केलीत.

माझी गाडी छोट्या टर्बो इंजिनाची आहे. मॅन्युअल म्हणतं, साधं चालेल, पण प्रीमियमची शिफारस आहे. टर्बो मुळात हवा कोंबून सिलिंडरमधला दाब वाढवतो, म्हणजे नॉकिंगची शक्यता आलीच. मग इंजिन फुटत का नाही? ब्लॉकवरचा नॉक सेन्सर थरथर ओळखतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण त्या क्षणी ताकद जाते. गाडीत पाच माणसं, मागे सामान, कडक ऊन आणि लांबलचक चढ, अशा वेळी साध्यावर पिकअप मंदावतो. हे मी दर वर्षी अनुभवतो, याला मनाचे खेळ म्हणू नका.

आणि त्याच ट्रिपल एने 2017 मध्ये प्रीमियमची *शिफारस* असलेल्या गाड्याही तपासल्या होत्या. अ‍ॅव्हरेज सरासरी 2.7 टक्के आणि शक्ती 1.4 टक्के वाढली. शून्य तर नाही ना?

मधला गिअर

शिफारस असलेल्या गाड्यांचं मान्य. धाग्याच्या नावातच मी "साध्या पेट्रोलवर चालणारी" म्हटलंय. तरी 2.7 टक्के अ‍ॅव्हरेज वाढून दोन पेट्रोलांमधल्या दराचा फरक भरून निघतो का, ते ज्याने त्याने गणित करून पाहावं. बहुतेक ठिकाणी निघत नाही.

बारा-तेराचा पाना

वीस वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केलेत. तुम्ही दोघं ऑक्टेनवरच अडलात. मी इंजिनाचं हेड खोलतो तेव्हा मला दिसतो तो कार्बन. व्हॉल्व्हवर थर, इंजेक्टरच्या तोंडावर थर. प्रीमियममध्ये सफाईची द्रव्यं जास्त असतात. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल तर ते पैसे वाया जात नाहीत, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय आणि पुढेही सांगेन.

स्वच्छ धूर

दादा, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगते, सफाईची द्रव्यं आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगली द्रव्यं साध्या पेट्रोलमध्येही घालता येतात. 2004 मध्ये काही गाडी कंपन्यांनी मिळून टॉप टिअर नावाचं मानक आणलं. त्यात अटच अशी की ते नाव लावणाऱ्या विक्रेत्याने सगळ्या प्रतींच्या पेट्रोलमध्ये पुरेशी द्रव्यं घालायची, फक्त महागात नाही. उलट काही ठिकाणी "प्रीमियम" म्हणून जे विकतात त्याचं ऑक्टेन साध्याइतकंच असतं, वर फक्त द्रव्यं. म्हणजे एका शब्दात दोन वेगळे माल. आपण कुठला घेतोय हे विचारायलाच हवं.

दुसरं, डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही. मग त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याही पेट्रोलने कसा धुतला जाईल?

बारा-तेराचा पाना

डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हबद्दल ताई बरोबर बोलतायत. ते हाताने किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारूनच साफ करावे लागतात, मी केलेत. पण इंजेक्टरचं तोंड? ते पेट्रोलमध्येच असतं आणि तिथे द्रव्यांचा फरक पडतो. साध्यात ती चांगली मिळत असतील तर माझं भांडण नाही. मिळतात की नाही हे मात्र गिऱ्हाईक कधी बघत नाही.

कार्बोरेटर प्रेमी

माझ्या जुन्या गाडीबद्दल कोणी बोललंच नाही. नॉक सेन्सर नाही, संगणक नाही. साधं भरलं की चढावर तिसऱ्या गिअरमध्ये टकटक सुरू होते, प्रीमियम भरलं की थांबते. डोळ्यांना झापडं लावून "पैसे वाया" म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसावं. ही गाडी वडिलांची आहे. पिस्टनला भोक पडेपर्यंत थांबून मी तत्त्व सिद्ध करणार नाही.

मधला गिअर

काका, टकटक होत असेल तर प्रीमियम भराच, त्यात दुमत नाही. माझा प्रश्न एवढाच की ती आधीपासून व्हायची का? सिलिंडरमध्ये कार्बन साचला की जागा कमी होते, दाब वाढतो, आणि पूर्वी साध्यावर सुखाने चालणारं इंजिन जास्त ऑक्टेन मागायला लागतं. टायमिंग बिघडून ठिणगी वेळेआधी पडत असेल, चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे नको तितका तापणारा प्लग बसला असेल, रेडिएटर चोंदला असेल, तरी हेच होतं. अशा वेळी प्रीमियममुळे आवाज थांबतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

कार्बोरेटर प्रेमी

प्लग आणि रेडिएटर झालंय. टायमिंग लाइट लावून पाहिलेलं नाही, हे खरं. पाहतो. पण तोवर प्रीमियमच.

टर्बोवाला

एक उलटी चूकही लिहून ठेवतो. काहींच्या गाडीत प्रीमियम *सक्तीचं* असतं आणि ते साधं भरून पैसे वाचवतात. सेन्सर आहे ना, सांभाळून घेईल म्हणतात. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. तिथे ठिणगी उशिरा टाकून उपयोग नाही, कारण तो जाळ ठिणगीने लागलेलाच नसतो. एकाच झटक्यात पिस्टन जाऊ शकतो. शिफारस आणि सक्ती हे दोन शब्द नीट वाचा.

स्वच्छ धूर

आणि आकडाही नीट वाचा. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, युरोपात नुसता रॉन. अमेरिकेतलं 87 म्हणजे रॉनच्या हिशेबाने साधारण 91. परदेशी व्हिडिओतला आकडा आपल्या टाकीच्या झाकणावरच्या स्टिकरशी तसाच ताडून पाहिला तर घोळ होतो.

टर्बोवाला

मी यापुढे उन्हाळ्यात आणि भरल्या गाडीने लांब जाताना प्रीमियम भरेन, रोजच्या ये-जा साठी साधं. धागाकर्ते, यावर तरी आक्षेप नसावा.

मधला गिअर

नाही. फक्त निघायच्या दिवशी अर्ध्या टाकीवर प्रीमियम ओतलंत तर ते खालच्या साध्यात मिसळून मधलंच काहीतरी ऑक्टेन मिळेल. टाकी तळाला येऊ द्या, मग भरा, आणि चढ लागायच्या आधी थोडी चालवा. उशिरा टाकलेली ठिणगी पुन्हा लवकर आणायला संगणकालाही जरा वेळ लागतो.