उत्तर: हायपरजॉमेट्रिक म्हणजे नियमितच?
एक दावा असा की हायपरजॉमेट्रिक डिफरन्शियल समीकरण म्हटलं की त्याची सिंग्युलॅरिटी (जिथे समीकरण बिघडतं तो बिंदू) नियमितच, म्हणजे तिथे उत्तरं फार तर १/अंतराच्या एखाद्या घाताइतकीच फुगतात. गाउसच्या समीकरणापुरतं ठीक. पण कुमरचं समीकरणही त्याच घराण्यातलं, आणि ते अनंताशी अनियमित आहे.

गेलफांड-काप्रानोव्ह-झेलेविन्स्की प्रणालीत (पूर्णांकांच्या मॅट्रिक्सवरून आणि एका पॅरामीटरवरून लिहिलेली, अनेक चलांची हायपरजॉमेट्रिक समीकरणं) निकष चक्क भूमितीचा आहे. मॅट्रिक्सचे सगळे स्तंभ आरंभबिंदू टाळणाऱ्या एकाच हायपरप्लेनवर (एक मिती कमी असलेल्या सपाट प्रतलावर) असले की प्रणाली नियमित, हा होट्टा यांचा निकाल. उलट दिशा (प्रणाली नियमित असेल तर स्तंभ तसेच असतात), जी जास्त अवघड, शुल्झे-वॉल्थर यांनी २००८ मध्ये दाखवली.

एकाच ओळीचं मॅट्रिक्स घेऊन बघा, ज्याचे दोन स्तंभ म्हणजे १ आणि २ हे आकडे; ते एका हायपरप्लेनवर (इथे एकाच बिंदूवर) नाहीत. क्षमध्ये दोनदा डेरिव्हेटिव्ह बरोबर यमध्ये एकदा, म्हणजे आपलं उष्णतेचंच समीकरण! पॅरामीटर −१ ठेवला की ई^(−क्ष²/४य)/√य हे उत्तर मिळतं. क्ष शून्येतर ठेवून य ऋण बाजूने शून्याकडे न्या: ते १/यच्या कुठल्याही घातापेक्षा वेगाने फुगतं. नियमित सिंग्युलॅरिटीत असं होऊच शकत नाही.