वस्तीतल्या मुलांना रग्बी शिकवताना: नाशिककरांनो, अनुभव लिहा

हरसूल भागातल्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. पळणारे पाय आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी शाळेतली आदिवासी मुलं २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालची रग्बी स्पर्धा जिंकून आली. तशी मुलं पेठ-सुरगाण्याहून येऊन इथल्या वसतिगृहांत राहतात, फुलेनगरात आहेत, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आहेत. ज्यांनी त्यांच्यासोबत मैदानावर वेळ घालवलाय त्यांनी इथे लिहावं. काय लागतं, किती लागतं, कुठे फसतं एवढंच लिहा. कौतुकासाठी दुसरे धागे आहेत.

पंचवटी, सराव घेणारे

पहिले दोन-अडीच महिने टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं, नाही. फक्त टॅग, म्हणजे पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढून काढायची. विकतचे पट्टे महाग पडत असतील तर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडा: पाच सेंटिमीटर रुंद, चाळीस लांब. दोन्ही कमरेला एकेक खोचायची, किमान पंचवीस सेंटिमीटर बाहेर लोंबली पाहिजे. गाठ मारायची नाही. गाठ मारलेली पट्टी ओढली की पोरगं पट्टीसोबत आपटतं. शर्ट आत खोचलेला हवा, नाहीतर पट्टीऐवजी शर्ट हातात येतो आणि तो फाटला की घरी बोलणी बसतात.

तीस बाय वीस मीटरची जागा, पाच विरुद्ध पाच. खो-खो खेळलेली मुलं हुलकावणी आधीच शिकून आलेली असतात. अडतं ते पासपाशी. पास मागेच द्यायचा हे तोंडाने पन्नासदा सांगून उपयोग नाही, कारण साथीदार उत्साहाने चेंडूच्या पुढे पळालेले असतात, मग देणार कुणाला? चौघांना आडव्या रांगेत पाच-पाच मीटरवर उभं करा. चेंडूवाला पुढे, बाकी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दोन पावलं मागे. आधी चालत, मग पळत. आठवड्याभरात फरक दिसतो.

चेंडू १० ते १४ वयाला चार नंबरचा, त्याहून लहानांना तीनचा. पाच नंबर लहान पंजात मावत नाही, मूल तो छातीशी कवटाळतं आणि पास द्यायला शिकतच नाही.

सिडको, कबड्डीचे जुने प्रशिक्षक

कबड्डीचा पोरगा रग्बीत लगेच चमकतो म्हणतात. खरं आहे, पण तोच सगळ्यात आधी जायबंदी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोटा धरायला जाताना कबड्डीत डोकं रेडरच्या पायांसमोर गेलं तरी निभावतं, कारण रेडर बहुतेक वेळा जागेवर किंवा मागे सरकत असतो. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात अंगावर येतो. डोकं त्याच्या पुढ्यात राहिलं की त्याचा गुडघा थेट कानशिलावर. म्हणून डोकं नेहमी त्याच्या मागच्या अंगाला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांची मिठी गुडघ्यांच्या वर. नजर वर, मान ताठ. मान खाली घालून शिरणाऱ्याला तिथेच थांबवा.

दुसरी सवय उचलण्याची. कबड्डीत चढाईवाल्याला उचलला की टाळ्या पडतात. रग्बीत उचलून आडवा केला आणि डोक्यावर-मानेवर पडू दिला तर थेट लाल कार्ड, आणि ते योग्यच आहे.

क्रम असा ठेवा: दोघंही गुडघ्यांवर, मग पकडणारा गुडघ्यावर, समोरचा चालत, मग दोघंही चालत, शेवटी हलकं पळत. पडायचं कसं हे आधी शिकवा, म्हणजे हनुवटी छातीला, चेंडू छातीशी, हात टेकवायचा नाही. हात टेकला की मनगट जातं. नियमात खांद्याच्या वर पकड चालत नाही, पण मुलांसाठी हद्द पोटापर्यंतच ठेवा. इंग्लंड-फ्रान्ससारख्या देशांनीही हौशी रग्बीत ही हद्द खाली आणली आहे.

अंबड

मोठ्या-लहानांना एकत्र खेळवलं तर लहान पटकन तयार होतात, असं वाटतं.

सिडको, कबड्डीचे जुने प्रशिक्षक

टॅगमध्ये चालेल, दादा. टॅकलमध्ये मुळीच नको. आश्रमशाळेतल्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, सोयीसाठी लावलेली. कागदावर तेराचा असलेला मुलगा अंगाने सोळाचा असू शकतो. जोड्या वयावर लावू नका, वजनावर लावा. किराणा दुकानातला काटा तासभर मागून आणला तरी काम होतं. जोडीत पाच-सात किलोंहून जास्त फरक नको.

नाशिकरोड, परिचारिका

डोक्याला मार लागला की आपल्याकडे तोंडावर पाणी मारतात, "काय होत नाय, खेळ" म्हणतात. कृपा करून हे बंद करा. बेशुद्धच पडायला हवं असं नसतं. गोंधळलेली नजर, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, तोल जाणं, उलटी, उजेड नकोसा होणं, यातलं एक जरी दिसलं तरी मूल मैदानाबाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. एकटं घरी पाठवू नका. घरच्यांना समोर बसवून सांगा की डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी वाटली तर रात्रीच दवाखान्यात न्यायचं. टक्कर होईल असा खेळ किमान तीन आठवडे नाही, तोही डॉक्टरांनी बघितल्यावरच. मान दुखते म्हणणाऱ्याला उठवून बसवायचं नाही, हलवायचं नाही, १०८ ला फोन.

मखमलाबाद, मैदान सांभाळणारे

काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेत पाय अडकला की घोटा मुरगळतो. टॅकलचा सराव गवतावर किंवा नांगरून भुसभुशीत केलेल्या पट्ट्यावर, मुरमावर कधीच नाही. खेळाआधी सगळ्यांना हाताला हात लागेल अशा एका रांगेत चालवा आणि काचा, खडे, तारा वेचायला लावा. दहा मिनिटं जातात, पण टाके वाचतात. फक्की मारताना कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खडूची भुकटी बरी.

बुटांचं म्हणाल तर सगळे अनवाणी किंवा सगळ्यांच्या पायात बूट. निम्म्यांच्या पायात स्टड (तळाला खुंट्या असलेले बूट) आणि निम्मे अनवाणी म्हणजे बोटं चेचणार हे नक्की.

पेठरोड, मुलींचा गट बघणाऱ्या

पोरं का येत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा द्राक्षबागेत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारीपासूनची काढणी, एप्रिलची खरड छाटणी. या दिवसांत आई-बाप दिंडोरी-निफाडकडे जातात आणि मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत घरी राहते. तिचं नाव कापू नका, धाकट्यांना सोबत आणू द्या, कडेला बसतील. नळाला पाणी यायच्या वेळेत सराव ठेवला तर मुली येणारच नाहीत, आधी वस्तीत विचारून घ्या. अंधार पडण्याआधी त्या घरी पोचल्या पाहिजेत आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी. आई या दोनच गोष्टी विचारते.

खाणं सरावानंतर. चाळीस मुलांना दीड किलो हरभरे रात्री भिजवायचे, सकाळी पाणी बदलायचं, संध्याकाळी उकडून मीठ-लिंबू, सोबत अर्धा किलो गूळ. जी सकाळपासून उपाशी असतात त्यांना आधी अर्धं केळं द्या, नाहीतर दुसऱ्या धावेला चक्कर येते. कोण उपाशी आहे ते सगळ्यांसमोर विचारू नका. केळी सगळ्यांसाठीच ठेवा.

सातपूर

कागदांबद्दल थोडक्यात. आधार, शाळेचा दाखला आणि स्पर्धेचा अर्ज या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा एका अक्षरावरून अडतं. मूळ प्रमाणपत्र क्लबच्या कपाटात ठेवू नका, मुलाला द्या, आपल्याकडे झेरॉक्स.

आणि हवा भरायची सुई ओली करूनच खुपसा. कोरडी घातली की व्हॉल्व्ह आतून फाटतो आणि नवा चेंडू आठवड्यात बसतो. दोन जास्तीच्या सुया पंपालाच चिकटपट्टीने लावून ठेवा.