मुंबई ते नेवार्क डायरेक्ट फ्लाइट, नक्की किती तास धरायचे?

रंकाळा: नमस्कार मंडळी, आईबाबा जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, मुंबई ते नेवार्क डायरेक्ट. तिकिटावर निघायचं रात्री दीडला आणि पोचायचं त्याच दिवशी सकाळी आठला, परतीला तिकडून सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई. नेटवर अंतर साधारण साडेबारा हजार किमी दाखवतंय. आईला शुगर आहे, गोळ्या आणि जेवणाचं गणित बसवायचंय म्हणून खरे तास कळले तर बरं होईल.

एडिसनकर: तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात, त्यामुळे सगळं आपल्या वेळेत आणून मोजा. जूनमध्ये न्यू जर्सी साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा). तिथले सकाळी आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे दीडपासून १६ तास झाले. येताना तिथले अकरा म्हणजे आपले रात्री साडेआठ, तिथून सकाळी अकरापर्यंत साडेचौदा. रनवेवरचा वेळही यातच आला.

रंकाळा: खूप आभार! पण अंतर तेच तर येताना दीड तास कमी कसा काय?

नकाशावेडा: वारं हो. विमान उडतं त्या दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असतं, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना ते तोंडावर येतं आणि येताना पाठीशी. आणि ते साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. पृथ्वीगोल असेल घरी तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून बघा, तो अरबस्तान-आफ्रिकेवरून न जाता मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन करत ग्रीनलंडच्या बाजूने खाली उतरतो. प्रत्यक्षात विमान अगदी त्या रेषेवरून जात नाही, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली आणि वळसा वाढला, दिल्लीवाल्यांना तर जास्तच. त्यामुळे किमीला वेगाने भागून वेळ काढू नका, तिकिटावरचीच धरा.

ठाणेकर मावशी: अरे बाळा, तास कळले पण आईचं महत्त्वाचं. गोळ्या हातातल्या बॅगेतच, प्रिस्क्रिप्शनसकट, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको. गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना तिकीट दाखवून कागदावर लिहून घे, आणि विमानात आईचं घड्याळ आपल्याच वेळेवर राहू दे, मोबाइल उतरल्यावर आपोआप बदलतो आणि मग घोळ होतो. डायबेटिक जेवण आधीच नोंदवून ठेव, तरी सोबत खाकरा-फुटाणे दे कारण दोन जेवणांत बरंच अंतर पडतं. व्हीलचेअर नक्की सांग, संकोच करू नको, इमिग्रेशनच्या रांगेत फार वेळ उभं राहावं लागतं.

एडिसनकर: मावशींना अनुमोदन. आणि कोल्हापूरहून येणार असतील तर ते आठ-नऊ तास वेगळे धरा, एक दिवस आधी मुंबईत येऊन झोपू देत त्यांना.

रंकाळा: हो, डोंबिवलीला आत्याकडे थांबवतो आदल्या दिवशी. व्हीलचेअर आणि जेवण आजच नोंदवतो.