जाड लोकरीचा हाफ स्वेटर: तुमचे अनुभव, मापं, चुका इथे लिहा

टिळकवाडीची सुई
बेळगावच्या गणपत गल्लीत जाड लोकरीच्या गुंड्या टांगलेल्या दिसल्या आणि नंबर ४ च्या सुया आठवल्या, म्हणून हा धागा. आपल्याकडची थंडी सकाळी आठला हुडहुडी भरवते आणि बाराला शर्टसुद्धा नको करते. तिला पूर्ण बाह्यांपेक्षा हाफ बरा. वरून जाकीट चढतं, काखेत कोंबाकोंबी नाही.
माप: छाती ३८, तयार ४१, कारण आत शर्ट असणार. इंचाला साडेतीन टाके, ५ ओळी. पाठीला आणि पुढच्या भागाला प्रत्येकी नंबर ६ वर ७४ टाके, २ सुलट २ उलट, ३ इंच काठ (सुरुवात आणि शेवट २ सुलटनेच, शिवण जुळते). मग नंबर ४ वर साधी वीण (एक ओळ सुलट, एक उलट). काठासकट १५ इंच झालं की काख: दोन्ही कडांना ५-५ टाके बंद, पुढे एकाआड ओळीला १-१ कमी, असं ६ वेळा. उरले ५२. खांदे १५-१५, मान २२. लोकर ४०० ग्रॅम, एकाच लॉटची.

शहापूरकर
नवीन मंडळींनो, सुईचा नंबर मोठा तितकी सुई बारीक. ४ म्हणजे ६ मिमी, ६ म्हणजे ५ मिमी. ऑनलाइन नुसतं "४" मागवलं की ४ मिमी येते, ती आपली जुनी ८ नंबर. त्यावर जाड लोकर विणली की स्वेटर नाही, पाट होतो.

निपाणी_काकू
नमुना न विणता सुरू करू नका. २० टाके, ५ इंच, धुऊन वाळवून मधल्या ४ इंचांत मोजा. १४ च्या जागी १५ भरले तर ४१ चा स्वेटर साडेअडतीसच्याही आत येतो. एका टाक्याचा फरक! मग शर्टावर चढत नाही आणि दोष लोकरीला.

हुक्केरीचा
अक्का, व्ही गळ्याचं सांगा की. पाठ झाली, पुढच्या भागाला हात घालूलालोय.

शहापूरकर
बाप्ये विणायला बसले म्हणजे थंडी खरीच वाढली 😄

टिळकवाडीची सुई
@हुक्केरीचा चिडवू दे त्यांना. काखेचे ५-५ बंद केले की लगेच मधोमध दोन भाग करा, एक भाग जादा सुईवर ठेवा. गळ्याकडून दर चौथ्या ओळीला १ कमी, ११ वेळा. काखेचे ६ गेले, गळ्याचे ११ गेले, खांद्याला बरोबर १५. काख ४८ ओळींची, गळा ४४ त संपतो, शेवटच्या ४ सरळ. कमी करताना कडेचे २ टाके सोडून आत करा, पट्टीचे टाके उचलायला कड साफ मिळते. पट्टीच्या टोकाला मधली आडवी दोरी पिळून एक टाका उचला, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाआड ओळीला कमी करत जा.

खानापूर_रोड
धनगरांकडची काळी लोकर चालेल का? घरात थोडी पडून आहे

निपाणी_काकू
@खानापूर_रोड शर्टावरून घालायचा तर चालेल, अंगाला टोचते. खरी अडचण वेगळीच. हाताने कातलेला एकेरी धागा पिळाचा असतो, साध्या विणीत सगळा स्वेटर एका बाजूला तिरका जातो, शिवण पोटावर येते. दोन धागे उलटा पीळ देऊन एकत्र करा, नाहीतर १ सुलट १ उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल, अशी वीण घ्या. ती तिरकी जात नाही.

खानापूर_रोड
घोंगडीसारखा कडक तर नाही ना होणार?

निपाणी_काकू
नाही हो, घोंगडीचा कडकपणा चिंचोक्याच्या खळीचा. स्वेटरला कोण खळ लावतंय!

गोकाकवैनी
घाईत लिहितेय, कुकर लागलाय. सगळ्यांचं काखेच्या पट्टीत बिघडतं. ओळीला एक टाका उचलला की पट्टी झालरीसारखी फुलते, कारण ओळी इंचाला ५ आणि टाके साडेतीन. दर ४ ओळींना ३ उचला. पुढचे-मागचे मिळून ९६ ओळींचे ७२, अधिक बंद केलेले १०, झाले ८२. नंबर ६ वर ५ ओळी आणि बंद मात्र नंबर ४ ने, सैल. घट्ट बंद केलं की हात वर करताना काखेत काचतं.

शहापूरकर
खांदे शिवू नका. टाके बंद न करता दोन्ही सुया शेजारी धरून तिसऱ्या सुईने एकत्र बंद करा, जाकिटाखाली गाठोडं होत नाही. बाजूची शिवण त्याच रंगाच्या बारीक लोकरीने. जाड लोकरीनेच शिवली तर बरगडीला दोरखंड बांधल्यासारखं वाटतं.

हुक्केरीचा
आणि इस्त्री?

गोकाकवैनी
अॅक्रेलिकला अजिबात नको! वाफेने काठ मरतो, ताणला की तसाच राहतो, परत आवळत नाही. खरी लोकर असेल तर कोमट पाणी, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि चटईवर आडवा पसरा. दोरीवर टाकला की गुडघ्यापर्यंत.

खानापूर_रोड
स्कूटरवर गार लागतं पण, एवढा जाड असून

टिळकवाडीची सुई
@खानापूर_रोड लागणारच. ऊब विणीत अडकलेल्या हवेची, वारा ती घेऊन जातो. वरून पातळ का असेना, वारा अडवणारं जाकीट हवं. वैनी, कुकर झाला का? वेणीच्या नक्षीला किती टाके वाढवता ते लिहा.

गोकाकवैनी
६ टाक्यांच्या वेणीमागे २, काठ संपल्यावरच. तीन शिट्ट्या झाल्या, पळते